टाकीची दाढी

आमचे दाजी कुणाच्याही घरी गेले की आधी वास घ्यायचे आणि मग जयभीम घालायचे. उंबऱ्याशी चपला काढल्या की मान किंचित पुढे, डोळे अर्धे मिटलेले, नाकपुड्या फुगलेल्या, असे ते थोडा वेळ उभे राहत. ओळखीची माणसं तेवढा वेळ गप्प बसत. अनोळखी माणसं हळूच आपल्याच कपड्यांचा वास घेऊन बघत. मग दाजी समाधानानं "ठीकाय" म्हणत आणि आत येत.

माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, बघायला ते पहिल्यांदा मंठाळला आले तेव्हाही हेच झालं. आमच्या घरी चूल होती. गॅस ही वस्तू गावात कुणी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. पण सवय ती सवय. दारात उभं राहून पाव्हणा नाक वर करून हुंगायला लागला तसा आईचा चेहरा उतरला. घर तिनं आदल्याच दिवशी सारवलं होतं. पाव्हणे चहा पिऊन गेले आणि तिनं पुन्हा पदर खोचला, सगळं घर नव्यानं सारवलं, कणगीमागं कुठं उंदीर मेलाय का तेही बघितलं. "मास्तरला कशाचा वास आला गं?" हे ती मला कितीतरी दिवस विचारत होती. अक्का तेवढी हसत होती. "नाक चांगलं हाय त्याचं," एवढंच म्हणाली, आणि हिला हे स्थळ पसंत आहे हे आम्हांला तिथं कळलं.

दाजी बिदरात मैलूरला राहत आणि एका हायस्कुलात विज्ञान शिकवत. चाळिशीला टेकले तरी लग्न झालेलं नव्हतं. राज्याचं नाव बदलून कर्नाटक झालं होतं, आमच्या वडलांच्या, अप्पांच्या, तोंडी मात्र अजून म्हैसूरच होतं, त्या काळातली ही गोष्ट. मैलूरच्या वस्तीतल्या लोकांनी वर्गणी काढून विहारासाठी एक मोठी गॅसभट्टी घेतली होती. लोखंडी, तीन पायांची, भाताचा हंडा चढवला तरी न हलणारी. जयंती असो, पौर्णिमा असो, कुणाचं लग्न असो, सगळा स्वयंपाक विहारामागच्या मोकळ्या जागेत त्या भट्टीवर व्हायचा. त्याआधी तिथं लाकडं जळत आणि बायका सुजलेल्या डोळ्यांनी वाढत. भट्टी सांभाळायचं काम दाजींना कुणी दिलं नव्हतं. त्यांनी ते घेतलं, आणि एकदा घेतल्यावर त्यांच्या हातून ते काढून घ्यायची कुणाची छाती नव्हती.

त्यांचं हत्यार म्हणजे दाढीचा ब्रश. भट्टी पेटवण्याआधी ते जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, वाटीत साबणाचा फेस करत आणि ब्रशानं तो गॅसच्या टाकीच्या तोंडाला, नळीच्या दोन्ही टोकांना, भट्टीच्या सांध्याला लावत. लावून झालं की उकिडवे बसून बघत. फेसात बुडबुडा फुगायला लागला तर तिथून गॅस निसटतोय. नाही फुगला तर ठीकाय. हे बघणं चांगलंच लांबत असे, कारण बुडबुड्याला घाई केलेली चालत नाही असं त्यांचं मत होतं. इकडं पोरं ताटं वाजवत बसलेली. "भट्टी कवा पेटायची?" कुणी विचारलं की उत्तर तयार असायचं, "थांबा, सर टाकीची दाढी करायलेत." कोपऱ्यावरचा न्हावी तर दाजी दिसले की वस्तरा खाली ठेवून हात जोडायचा. "सर, आमचं गिऱ्हाईक पळवू नका वो." तो हात जोडून उभा असताना दाजी त्याचा पाणी तापवायचा स्टो हुंगून घेत.

गंमत म्हणजे स्वतःच्या दाढीला ते ब्रश लावत नसत. ब्रश एकच होता आणि तो कामाचा होता. साबण हातानंच गालाला फासून ते घाईघाईनं दाढी उरकत, त्यामुळे हनुवटीखाली कुठंतरी चार केस कायम राहिलेले असत. टाकीची दाढी मात्र गुळगुळीत व्हायची.

शाळेत पोरांचे कान पिळणारा माणूस भट्टीपाशी गेला तर तिथल्या चावीलाही कानच म्हणणार. "आधी काडी, मग कान," हा त्यांचा मंत्र होता. आधी काडी ओढून जाळाच्या जागी धरा, मग चावी फिरवा. उलटं केलं की गॅस आधी येऊन बसतो आणि काडीची वाट बघतो. स्वयंपाक उरकला की आधी टाकीचा कान पिळायचा, मग भट्टीचा, म्हणजे नळीत राहिलेला गॅस जळून जातो. "नळीत उष्टं ठेवू नका," असं ते म्हणत. टाकी उभी पाहिजे, भट्टीपासून लांब पाहिजे, आणि भट्टीच्या डोक्यावर मंडपाचं कापड नको, आभाळ पाहिजे. शेवटचा गॅस निघावा म्हणून कुणी टाकी आडवी केली तर दाजींचा चेहरा असा व्हायचा की जणू त्या माणसानं लेकरू उलटं टांगलंय. जाळ पिवळा दिसला की ते "कावीळ झाली" म्हणत, भट्टी थंड करत आणि स्टोची पिन घेऊन एकेक भोक साफ करत बसत. उंदरानं नळी कुरतडली असेल म्हणून हाताचा अंगठा नळीवरून सरकवत जात. जरा चीर लागली की नळी बदलायची, मग वर्गणीच्या डब्यात काही असो-नसो.

गॅसला मुळात वास नसतो, ही गोष्ट मला दाजींनीच सांगितली. निसटला तर माणसाला कळावं म्हणून त्यात मुद्दाम घाण वास मिसळतात. ज्याला हे पहिल्यांदा सुचलं त्याच्याबद्दल दाजींना इतका आदर होता की बोलताना त्यांचा आवाज खाली यायचा. "ग्यास भोळाय बघा. निसटायच्या आधी सांगून निसटतो. आपणच ऐकत न्हाई. ज्यानं त्याला वास लावला ना, त्याचा फोटू घरात लावाया पाह्यजे."

"लावा की," अक्का म्हणाली. "माझ्या फोटूशेजारी लावा. एकाचा वास आवडतो तुम्हाला, दुसरीचा सैपाक."

ती हे बोलली तेव्हा अंगणात होती. कारण दाजींच्या घरचा गॅस घरात नव्हताच. नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट बघून मिळालेली दोन चुलींची ती शेगडी त्यांनी अंगणात, पत्र्याच्या छपराखाली मांडली होती. गॅस हवेपेक्षा जड, निसटला तर जमिनीलगत साचतो, घरात कोंडतो, अंगणात वाऱ्यानं निघून जातो, हे त्यांचं म्हणणं. त्यामुळे लग्न झाल्यापासून अक्कानं उघड्यावर स्वयंपाक केला. वारा आला की जाळ आडवा व्हायचा. मग दाजींनी पत्र्याचा आडोसा केला, पण तोही खालून उघडा, गॅसला जायला वाट ठेवलेला. गल्लीतून येणाऱ्या-जाणाऱ्याला आज मास्तरच्या घरी काय शिजतंय ते रोज कळायचं. "अक्का, अंबाड्याची भाजी का वो?" "व्हय, या वाटी घेऊन," असं चालायचं. कावळे तर घरातल्याच माणसांसारखे छपरावर बसलेले असत.

पावसाळ्यात अक्का पोळ्या लाटायची आणि दाजी तिच्या डोक्यावर छत्री धरून उभे. स्वतः भिजायचे. शाळेला उशीर व्हायचा, पण छत्री खाली यायची नाही. "जाळ निळा हाय बघा. एकदम निळा," ते कौतुकानं म्हणत.

"जाळ निळाय अन् मी काळी पडायले उन्हापावसात," अक्का म्हणे.

मी एकदा तिला विचारलं, "कामून सोसतीस गं?" तिनं तव्यावरची पोळी उलटली. "गावात दिली असती तर धुरात बसले असते. हितं छत्री धरणारा हाय की," ती म्हणाली. मला तेव्हा ते उत्तर काही फारसं पटलं नाही. मी हॉस्टेलात राहत होते आणि मला दुसऱ्यांच्या संसारात सुधारणा सुचवायची फार हौस होती.

एका पावसाळ्यानंतर भट्टी बाहेर काढली तेव्हा तिच्या नळीत कोळ्यानं जाळं केलं होतं. असं जाळं राहिलं तर गॅस अडतो आणि जाळ उलटा मागं पेटतो. त्या दिवशी खीर करायची होती, दूध आलेलं होतं, लोक खोळंबले होते. कुणीही तार घालून कोळी चिरडून मोकळा झाला असता. दाजींनी झाडूची काडी आत घातली, कोळी काडीवर यायची वाट बघितली, मग काडी घेऊन विहाराच्या मागच्या भिंतीपर्यंत चालत गेले. परत येताना म्हणाले, "बिचाऱ्याला भाडेकरू म्हणून न्हाई ठेवता येत." मग साबणाची वाटी मागितली, आणि दूध नासेल म्हणून बायकांनी कपाळाला हात लावला.

आता एका शब्दाची गोष्ट. दाजींच्या भट्टीजवळ 'बंद' हा शब्द उच्चारायला मनाई होती. गॅस बंद करायचा असेल तर "निजवा" म्हणायचं आणि चालू करायचा असेल तर "उठवा". नवीन माणसाला हे वेड वाटायचं. पण त्याला कारण होतं आणि ते कारण दाजींच्या तोंडावर लिहिलेलं होतं. त्यांच्या डाव्या भुवईत केस जवळजवळ नव्हते आणि मिशी एका बाजूला विरळ होती.

झालं होतं असं, की भट्टी नवी असताना दाजी भट्टीपाशी वाकले होते आणि शेजारचे कंडक्टरचाचा टाकीपाशी बसले होते. चाचा घरी दखनी बोलत, बसमध्ये कानडी, आणि आमच्याशी मराठी. जाळ धरेना म्हणून दाजी ओरडले, "बंद!" वारा होता. चाचांना ऐकू आलं 'बंतु'. कानडीत 'बंतु' म्हणजे 'आलं'. गॅस आला म्हणतायत सर, असं समजून चाचांना आनंद झाला. "बंतु? बेस झालं!" म्हणून त्यांनी कान होता तसाच उघडा ठेवला. इकडं गॅस बंद झाला असं धरून कुणीतरी पुन्हा पेटवायला दुसरी काडी ओढली. भप्पकन् जाळ वर आला. भुवई गेली, अर्धी मिशी गेली, थोडक्यात निभावलं. चाचा रडले. दाजी त्यांना म्हणाले, "चूक तुमची न्हाई चाचा, चूक त्या शब्दाची हाय." आणि त्या दिवसापासून तो शब्द हद्दपार झाला. तीन भाषा बोलणाऱ्या गावात गॅसशी एकाच शब्दात बोलायचं, असा त्यांचा नियम झाला.

अक्काचं लग्न ठरलं तेव्हा हे सगळं अप्पांना माहीत नव्हतं. माहीत झालं ते सुपारीच्या दिवशी. कार्यक्रम मैलूरलाच होता. आमची माणसं बसली, सुपारी समोर आली आणि नवरदेवाचा पत्ता नाही. ते मागं भट्टीपाशी बुडबुडे बघत होते. आमचे काका सगळ्यांसमोर म्हणाले, "पोरगी आचाऱ्याला द्यायलोय का आपण?" परत येताना गाडीत अप्पांनी डोळे उघडले नाहीत.

अक्का प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. तिशी ओलांडली होती. आधी दोनदा ठरलेलं मोडलं होतं. एकदा मुलाकडच्यांनीच माघार घेतली, एकदा कपडे घेऊन झाल्यावर नकाराचा निरोप आला. दोन्ही वेळा अप्पा काही दिवस शेतातच झोपले, गावात आले नाहीत. म्हणून ते मुद्दाम बिदरला गेले. मी त्यांच्याबरोबर होते. दाजींनी आम्हांला अंगणात बसवलं आणि चहा ठेवला.

"सर, एकच मागतो," अप्पा म्हणाले. "लग्नाच्या दिशी भट्टीकडं जायचं न्हाई. त्या दिशी तुम्ही नवरदेव. ही पोरगी आता परत आली तर मला गावात तोंड दाखवायला जागा न्हाई. शब्द द्या."

दाजींनी लगेच हो म्हटलं नाही. चहावर साय धरली तरी ते विचार करत होते. मग म्हणाले, "देतो." आणि त्यांनी मनापासून तयारी केली. कंडक्टरचाचांना टाकीपाशी बसवून पुन्हा पुन्हा पढवलं. मंडपात बसताना भट्टीकडं पाठ येईल अशी आपली जागा बदलून घेतली.

लग्नाच्या दिवशी आम्ही मंठाळहून ट्रकनं आलो. वऱ्हाड सकाळपासून उपाशी होतं आणि ट्रकवाला अंधार पडायच्या आत परत निघणार म्हणून अडून बसला होता. म्हणून ठरलं की इकडं लग्न लागेल आणि तिकडं भात शिजेल. अक्का पांढऱ्या साडीत, दाजी पांढऱ्या सदऱ्यात, दोन तसबिरींपुढं हात जोडून बसले. बौद्धाचार्यांनी त्रिशरण म्हटलं, मग पंचशील सुरू केलं. सगळा मंडप मागून म्हणत होता. पहिलं, दुसरं, तिसरं झालं. चौथं, खोटं न बोलण्याचं शील सुरू झालं आणि मागून, कापडाच्या पलीकडून, कुणाचातरी आवाज आला, "बंद?" त्यावर दुसरा आवाज आला, "बंतु, बंतु!"

मी दाजींकडंच बघत होते. त्यांचे ओठ थांबले. टाकीपाशी चाचा असते तर तो शब्द आलाच नसता. म्हणजे टाकीपाशी चाचा नव्हते. दाजींनी एकदा अप्पांकडं बघितलं, जोडलेले हात सोडले आणि उठून पळाले.

मीही मागं पळाले. चाचा मंडपाच्या कापडाला भोक करून लग्न बघत उभे होते. त्यांच्या जागी आचाऱ्याचा कुणी पाव्हणा बसलेला होता. आणि आचाऱ्यानं वारा लागतो म्हणून, लाकडाच्या चुलीला खणतात तसा, चांगला खोल चर खणून भट्टी त्यात उतरवली होती. चरात गॅस साचत होता. आचारी काठावर वाकलेला, एका हातात काडेपेटी, दुसऱ्या हातात काडी. दाजींनी आधी त्याच्या हातून काडी आणि पेटी घेऊन आपल्या खिशात घातली, मग टाकीचा कान पिळला, मग सगळ्यांना लांब पिटाळलं. ओरडले नाहीत. लग्नाच्या पांढऱ्या कपड्यांत चराच्या काठाशी पालथे पडून हुंगत राहिले. वारा फिरला, वास गेला, तेव्हा चराची एक बाजू फोडून भट्टी वर ओढायला लावली आणि सपाट जागेवर मांडून घेतली. "वाटी आणा," म्हणाले. साबणाची.

मंडपात अक्का एकटी बसली होती. शेजारचं आसन रिकामं. बौद्धाचार्य तिच्याकडं बघत होते आणि ती समोरच्या तसबिरींकडं. काका उभे राहिले. "हे काय लगीन झालं का? शब्द दिलता न्हवं त्यानं? उठवा पोरीला. ट्रक हुबाच हाय." दोन-चार माणसं खरंच उठली. आईनं पदर तोंडाला लावला. अप्पा खाली बघत होते. आता तिसऱ्यांदा, हे मंडपातल्या प्रत्येकाच्या मनात आलं असणार.

अक्का उठली. ट्रककडं न जाता ती मागं, भट्टीकडं निघाली. आम्ही सगळे तिच्यामागं. दाजी उकिडवे बसले होते, कोपरापर्यंत फेस, छातीवर माती.

"तुम्ही अप्पाला शब्द दिलता," अक्का म्हणाली.

"दिलता."

"मग?"

"मोडला."

"काका न्यायला निघालेत मला. पुन्हा न्हाई उठणार म्हणा. एवढं म्हणा, सगळे खाली बसतेत."

दाजींनी हातातल्या ब्रशाकडं बघितलं. "तसं म्हणता येत न्हाई," ते म्हणाले. "पुन्हा तसा आवाज आला तर पुन्हा उठीन. तुम्ही जाणार असाल तर मी अडवत न्हाई. पण हे आधीच सांगतो."

अक्का त्यांच्याकडं बघत राहिली आणि मग काकांकडं वळली. "काका, मी ट्रकात बसणार न्हाई. खोटं बोलून बी ह्यांना मला नेता आलं असतं. न्हाई बोलले. मला हाच माणूस पाह्यजे."

काका काहीतरी पुटपुटले आणि त्यांनी टोपी झटकली. दाजी उठले, पण जागचे हलले नाहीत. "मी येतो. पण भात आता चढवावा लागंल, अन् टाकीपाशी माणूस पाह्यजे." चाचा पुढं झाले. डोळे लाल. दाजींनी त्यांच्या खांद्यावर ओला हात ठेवला. "न्हाई चाचा. लग्न बघावं वाटतं, त्यात तुमचा काय दोष? मला लग्न न बघणारा माणूस पाह्यजे." असा माणूस कुठून आणायचा? जमलेले सगळे लग्नालाच आले होते. सगळे एकमेकांकडं बघायला लागले.

"मी बसतो," अप्पा म्हणाले.

"अप्पा, तुमच्या लेकीचं लग्नाय!"

"म्हणून तर बसतो. काय करायचं तेवढं सांगा."

अप्पा टाकीपाशी मातीत मांडी घालून बसले. दाजींनी त्यांचा हात धरून टाकीच्या कानावर ठेवला, कसा फिरवायचा ते दाखवलं, आणि म्हणाले, "नजर नळीवर. मागं काही बी होऊ द्या, मान वळवायची न्हाई." अप्पांनी मान हलवली. दाजींनी खिशातली काडेपेटी आचाऱ्याला परत दिली. आचाऱ्यानं काडी धरली, अप्पांनी कान उघडला आणि जाळ निळा लागला.

बौद्धाचार्यांनी पंचशील पुन्हा पहिल्यापासून घेतलं. मी कापडापाशी उभी होते. इकडं अक्का आणि दाजी दिसत होते, तिकडं अप्पांची पाठ. ते एकदाही हलले नाहीत. हार घालायची वेळ आली तशी आईनं माझ्या ओंजळीत फुलं दिली, म्हणाली, "जा, त्यांना दे." मी धावत जाऊन अप्पांच्या मोकळ्या हातात ती दिली. मंडपातून "साधु, साधु, साधु" असा आवाज उठला. अप्पांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि नजर नळीवर होती. एक हात टाकीवर तसाच ठेवून त्यांनी दुसऱ्या हातातली फुलं डोक्यावरून मागं, मंडपाच्या दिशेनं फेकली.